खोगीरभरतीचे वर्गणीदार

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडे या आठवड्यात एक दरपत्रक आले. न्यूजलेटरसाठी ‘क्वालिटी सबस्क्रायबर’, हजाराच्या पटीत, शहर आणि व्यवसाय निवडून. मेल परत आला तर पत्ता बदलून देण्याची हमी. सोबत नमुन्याची एक्सेल शीट. नावाच्या रकान्यात कुठे नुसतेच ‘मिस्टर’, कुठे कंपनीचेच नाव. पत्ते बघावेत तर ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ने सुरू होणारे, आणि एका ओळीत जीमेलचे स्पेलिंगच चुकलेले. पुस्तकांचे न्यूजलेटर वाचायला कुठल्या कारखान्याचे अकाउंट्स खाते बसले आहे? तरीही संस्थेत या दरपत्रकावर गंभीरपणे चर्चा झाली. संताप येतो तो त्या चर्चेचा.

या स्तंभाचा हट्ट नियमित वाचकांना ठाऊक आहे. वर्गणीदार मोजावा तो नूतनीकरणाच्या वेळी. नाव नोंदवले त्या दिवशी मोजून उपयोग नाही. त्यावर ‘ईमेलला कुठे पोस्टाचा खर्च येतो?’ हा प्रश्न हमखास येतो. खर्च येतो. मेल पाठवून देणाऱ्या अनेक सेवा यादीत नावे किती यावर पैसे आकारतात. न वाचणाऱ्याचेही भाडे दरमहा भरावे लागते.

विकत घेतलेल्या वर्गणीदारांचे सर्वांत बोलके उदाहरण ईमेलच्या फार आधीचे आहे. अमेरिकेत १९६८ साली ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ हे घरोघरी जाणारे नियतकालिक तोट्यात होते. खप ६८ लाख, पण जाहिराती टेलिव्हिजनकडे निघालेल्या. ते काढणाऱ्या कर्टिस पब्लिशिंगची सूत्रे नुकतीच हाती घेतलेल्या मार्टिन अॅकरमन यांनी खप ३० लाखांवर आणायचे ठरवले. जाहिरातदारांना हवेसे वाटणारे शहरी, सुस्थितीतले वाचक ठेवायचे आणि बाकीच्यांचा अंक बंद करायचा. पैसे भरून अंक घेणारी लाखो माणसे एका फटक्यात नकोशी झाली. त्यांची नावे घेतली टाइम कंपनीने, आपल्या ‘लाइफ’साठी. ‘लाइफ’चा खप ८५ लाखांवर गेला, प्रतिस्पर्धी ‘लुक’ मागे पडला आणि जाहिरातदारांपुढे ठेवायला झकास आकडा मिळाला.

पण ही माणसे ‘लाइफ’ची नव्हती. त्यांना सवय होती कथांची, चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे छापणाऱ्या नियतकालिकाची. दारात येऊ लागले ते छायाचित्रांचे साप्ताहिक. वाढलेल्या प्रत्येक नावामागे कागद आला, छपाई आली, पोस्ट आले. सवलतीच्या वर्गणीत तो खर्च भागत नव्हता, आणि जाहिरातींतून काढावा तर टेलिव्हिजन त्याच पैशात जास्त लोकांपर्यंत पोहोचवत होते. ‘पोस्ट’ फेब्रुवारी १९६९ मध्ये बंद पडले. ‘लाइफ’ने पुढे खप आधी ७० लाखांवर आणि मग ५५ लाखांवर उतरवायचे ठरवले. ज्या नावांसाठी एवढा आटापिटा केला, त्यांच्याहून अधिक नावे स्वतःच खोडायची पाळी आली. डिसेंबर १९७२ मध्ये ‘लाइफ’चा शेवटचा साप्ताहिक अंक निघाला. टेलिव्हिजन आणि वाढते टपालदर ही मोठी कारणे होती, हे मान्य. मात्र बाहेरून आणलेल्या वाचकांचा बोजा नेमका त्याच पडत्या काळात वाहावा लागला.

तरी ‘पोस्ट’च्या यादीतली माणसे खरी होती. वाचणारी होती, पैसे देणारी होती. आजच्या एक्सेल शीटबद्दल तेवढीही खात्री देता येत नाही. अशा याद्यांत ‘स्पॅम ट्रॅप’ दडलेले असतात. हे पत्ते कोणाचेच नसतात. वेबवरून पत्ते गोळा करणारे पकडले जावेत म्हणून ते पेरलेले असतात. तिथे मेल गेला की स्पॅमहॉससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव जाऊ शकते. मेलचिंपसारखी सेवा तर विकत घेतलेली यादी वापरूच देत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनेही नियम आवळले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याला आपल्या डोमेनची ओळख पटवावी लागते, एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे हजारी तीन. न मागितलेला मेल पाहून ‘स्पॅम’ दाबणारे हजारात तिघांहून जास्त निघणार नाहीत, हे कोण छातीठोकपणे सांगेल? डाग लागतो तो पाठवणाऱ्याच्या डोमेनला. मग ज्या ग्रंथपालबाईंनी स्वतःहून नाव नोंदवले, त्यांचाही अंक स्पॅममध्ये जाऊन पडतो. घोडे पेंड खाते ते इथे.

‘आमच्या यादीचा ओपन रेट पाहा’ असे विक्रेते सांगतात. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर मेलमधली चित्रे अॅपलचे सर्व्हर परस्पर उतरवून घेतात. वाचकाने मेल उघडला नाही तरी तो उघडल्याची नोंद होते. त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

याच बाजारात एक सभ्य प्रकारही आहे. स्पार्कलूप किंवा बीहाइवच्या ‘बूस्ट्स’मध्ये एका न्यूजलेटरला नाव नोंदवणाऱ्यापुढे दुसऱ्याची शिफारस येते, आणि आलेला वर्गणीदार खरा आहे याची काही काळ पारख झाल्यावर पैसे दिले जातात. यात निदान माणसाची संमती असते. पण चौकटीत खूण आधीच केलेली असेल तर ती संमती कसली? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमती हवी ती स्पष्ट कृतीतून दिलेली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीच्या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. न्यूजलेटर चालवणाऱ्या मराठी प्रकाशकांनी आताच जागे व्हावे.

मराठी नियतकालिके वाचक आटल्यामुळे बंद पडली असे सर्रास म्हटले जाते. वर्गणी संपली तेव्हा कोणी पत्रच पाठवले नाही म्हणून त्यांतली कितीतरी बंद पडली, असे या स्तंभाला अजूनही ठामपणे वाटते. आकडेवारी हाताशी नाही, पण ‘अंक यायचा थांबला, कोणी विचारलेही नाही’ ही तक्रार जुन्या वर्गणीदारांकडून फार वेळा ऐकू येते.

त्या पुण्याच्या संस्थेकडे ग्रंथप्रदर्शनांत ठेवलेल्या वह्या आहेत. पुस्तक घेताना लोकांनी आपल्या हाताने नाव, गाव, फोन आणि काहींनी ईमेलही लिहिला आहे. कुठे शाईचा डाग आहे, कुठे ‘कवितासंग्रह आल्यास कळवा’ अशी सूचना. त्यातल्या प्रत्येकाला एकदा विचारावे: न्यूजलेटर पाठवू का? जे हो म्हणतील तेवढ्यांनाच पाठवावे, आणि दरपत्रकातल्या रकमेतून पुढच्या प्रदर्शनात त्या वहीपाशी एक माणूस बसवावा.