समुपदेशकाचे पद कायम हवे

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारदप्तरी नोंद आहे. निर्देश आवश्यकच होता. मात्र नेमलेला समुपदेशक टिकणार कसा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आरंभ करण्यात आपण मागे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली आला, ‘मनोदर्पण’ २०२० साली, ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा २०२२ साली. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दूरध्वनी करण्यासाठी आपले दुःख शब्दांत मांडता यावे लागते. तेरा वर्षांचे मूल आधी मुके होते, मागच्या बाकावर सरकते, डबा न उघडताच घरी नेते. हे ध्यानात येण्यास त्याला नित्य पाहणारे माणूस लागते.

माझ्या परिचयातील एका शाळेत देणगीच्या आधारे समुपदेशिका आल्या. पहिले सहा महिने मुले तिकडे फिरकली नाहीत. दुसऱ्या वर्षी ती आपण होऊन येऊ लागली आणि त्याच वर्षअखेर देणगीची मुदत संपली. आज त्या खोलीत कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. मन मोकळे करू लागलेल्या मुलांनी आता कोणाकडे जावे?

विश्वास हेही एक भांडवल आहे. ते सावकाश साठते आणि माणूस बदलताच बुडते. म्हणूनच हे काम मुदतीच्या निधीवर चालत नाही. गणिताच्या शिक्षकाप्रमाणे समुपदेशकाचे पदही संचमान्यतेत यावे व त्याचे वेतन आवर्ती खर्चात धरले जावे. लहान शाळांना केंद्रनिहाय एक समुपदेशक द्यावा. तो आठवड्यातून एकदाच आला तरी चालेल, पण दरवर्षी तोच यावा.

‘हे काम शिक्षकच का करीत नाहीत?’ असे विचारले जाईल. शिक्षकाने लक्षणे ओळखावीत, हे रास्तच. परंतु जो गुण देतो, त्याच्यापाशी आपले अपयश बोलून दाखविणे मुलाला जड जाते.

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप अखेरचा. वाचलेल्या मुलाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, म्हणून हा खर्च निष्फळ भासतो. गमावलेल्या मुलांची नोंद मात्र दरवर्षी प्रसिद्ध होते. अर्थसंकल्प करणाऱ्यांनी ती समोर ठेवूनच हिशेब मांडावा.