धाराशिवने दिलेला पुरावा
प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग बहुतेक स्त्रियांना कधी ना कधी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागतात. कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. तोवर काही दुखत नाही. पण बदल तपासणीत दिसतो आणि बहुतेक वेळा दाखल न होताच त्यावर उपचार होतात.

तपासणीने मृत्यू टळतात याचा मोठा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला. १९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तुलनेच्या गटातील बायकांना ही तपासणी मिळाली नव्हती, आणि त्यावरून पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. हा पुरावा त्यांच्या जिवावर मिळाला आहे.

तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनीच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे ही या रोगाची लक्षणे बायका अंगावर काढतात, हे खरे. पण सगळा दोष अज्ञानाला देणे अन्यायाचे आहे. उस्मानाबादच्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन समजावत होत्या, तेव्हा एचपीव्ही चाचणीला बोलावलेल्या दहांपैकी सुमारे आठ जणी आल्या.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती देशातच तयार केली आहे. मात्र आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रियांना आधार तपासणीचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या उद्दिष्टानुसार ती पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा व्हायला हवी. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते, त्यामुळे संकोचाची मोठी अडचण दूर होते. विभागाने ही चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत द्यावी, आशाताईंना घरोघरच्या निरोपाचा वेगळा मोबदला द्यावा, आणि दोष आढळलेल्या प्रत्येक स्त्रीवर उपचार पूर्ण होईपर्यंत तिचा पाठपुरावा करावा.