युरोपशी करार आणि आपले माप

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ मध्ये खुंटल्या, २०२२ मध्ये पुन्हा मार्गी लागल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी त्या पूर्ण झाल्याची घोषणा नवी दिल्लीत करण्यात आली. त्याच दिवशी उभय पक्षांनी सुरक्षा व संरक्षण भागीदारीच्या दस्तऐवजावरही सह्या केल्या. एवढ्या मोठ्या घटनेची आपल्या शहरातील चर्चा मात्र बहुतांशी एकाच प्रश्नापाशी घोटाळत राहिली आहे: विलायती मोटारी किती स्वस्त होणार? ज्या शिक्षकाला वा कारकुनाला स्कूटरचा हप्ता फेडतानाच नाकी नऊ येतात, त्याला मोटारीवरील आयात शुल्क ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आले काय आणि न आले काय! तरीही तो प्रश्न छत्रपती संभाजीनगरापुरता अगदीच निरर्थक नाही. फक्त तो ग्राहकाच्या बाजूने न विचारता शेंद्र्याच्या बाजूने विचारला पाहिजे.

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून उभा आहे. पुढे तेथेच ऑडीच्या मोटारीही जोडल्या जाऊ लागल्या. युरोपातून सुटे भाग आणावयाचे आणि येथे त्यांची जुळणी करावयाची, ही पद्धत रूढ झाली याचे एक मोठे कारण म्हणजे तयार मोटारीवरील जबर जकात. आता वर्षाला अडीच लाख मोटारींच्या मर्यादेत ही भिंत खाली येणार असेल, तर जुळणीचे प्रयोजन कितपत उरते? कारखाना उद्याच ओस पडेल असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु करार जेव्हा युरोपीय संसदेच्या संमतीने अमलात येईल, तेव्हा येथील कामगाराच्या वाट्याला काय येईल, याचा खुलासा मागण्याचा अधिकार या जिल्ह्याला निश्चितच आहे.

युरोपशी व्यवहार ही मराठवाड्याला काही नवी गोष्ट नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दोन्ही नगरांचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तेर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात, असे तो लेखक सांगतो. उलट दिशेने काय येई? इटलीची मदिरा, तांबे, कथील, पोवळे, सोन्यारुप्याची नाणी. (मदिरेवरील शुल्काची कलमे आजच्या करारातही आहेतच!) या व्यापारात रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारताकडे वाहून जातात, अशी तक्रार प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये आणखी एक लक्षणीय नोंद आहे. कल्याणचे बंदर सत्तांतरानंतर अडवले गेले होते आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. राजकारण, व्यापार आणि सुरक्षा यांची आजच्या परराष्ट्र खात्यांनी घातलेली सांगड दोन हजार वर्षांपूर्वीच्या नावाड्यालाही अपरिचित नव्हती.

पैठणचा माल विकला गेला तो त्याच्या गुणावर. त्यानंतर सतरा शतकांनी याच भूमीवर युरोपशी जो व्यवहार झाला त्याची जात निराळी होती. १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी बुसी सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर स्थिर करण्यासाठी औरंगाबादेत आला. निजामाला कवायती पलटणींचे संरक्षण हवे होते आणि बुसीला त्या पलटणींच्या पगाराची हमी. १७५३ साली औरंगाबादेतच सौदा ठरला. मुस्तफानगर, एलूरू, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे पूर्व किनाऱ्यावरचे चार सरकार, म्हणजे चार जिल्हे, फ्रेंच फौजेच्या खर्चापोटी तोडून देण्यात आले. पाच वर्षांनी, १७५८ मध्ये, इंग्रजांशी चाललेल्या युद्धासाठी लालीने बुसीला दक्षिणेकडे परत बोलावले. १७५९ मध्ये मच्छलीपट्टण इंग्रजांनी घेतले आणि सलाबतजंगाला त्यांच्याशीही तह करावा लागला. फ्रेंचांना थारा न देण्याचे वचन त्याने त्या तहात दिले! मुलूख गेला, पैसा गेला. आणि ज्या कवायतीसाठी हे सारे केले, ती कवायत निजामाच्या हाती आलीच नाही. ती बुसीबरोबर आली आणि बुसीबरोबर गेली.

आजचा युरोप म्हणजे बुसी नव्हे आणि दिल्लीचे सरकार म्हणजे सलाबतजंग नव्हे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरी सुरक्षा भागीदारीच्या मजकुराकडे पाहताना ती आठवण मनात जागी होते खरी. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने युरोपचे सारे लक्ष आपल्या पूर्व सीमेकडे वेधले आहे. २०२३ च्या अखेरीस हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा न्हावाशेवाहून युरोपकडे जाणाऱ्या मालाला आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. दिवस वाढले, भाडे वाढले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या समुद्रात आपली आरमारी मोहीम काढली आणि भारतीय नौदलही अरबी समुद्रात गस्त घालीत होते. हितसंबंध समान असले की असे सहकार्य होते. त्यासाठी भागीदारी उपयुक्तच आहे. ते हितसंबंध भिन्न झाल्यावर आपल्या हाती काय उरेल, हे मात्र शस्त्र विकत घेतले की ते घडविण्याची विद्या घेतली, यावर ठरेल.

विद्या कशी घेता येते याचे उदाहरण चिकलठाण्यातच आहे. जर्मन सहकार्याने तेथे इंडो-जर्मन टूल रूम उभी राहिली. साचे आणि हत्यारे घडविण्याचे कसब मराठवाड्यातील मुले तेथे शिकली. आम्हांस हा व्यवहार मोटारींच्या जकातीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

नेमक्या याच जातीची निकड आज एका रूक्ष वाटणाऱ्या विषयात निर्माण झाली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या निर्मितीत किती कर्बवायू सोडला गेला याचा हिशेब मागून त्यावर आकार घेणारी युरोपची ‘सीबीएएम’ नावाची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पूर्णांशाने लागू झाली. नव्या करारात भारताला तिच्यातून सूट मिळालेली नाही. पोलादाचे नट, बोल्ट, स्क्रू या यादीत आहेत. वाहनांचे बहुतेक सुटे भाग नव्हते, परंतु यादी वाढविण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला. आकार भरतो तो तेथील आयातदार. पण हिशेब मागितला जातो वाळूजच्या व्हेंडरकडे. त्याच्यापाशी पडताळलेला आकडा नसेल, तर युरोपने ठरवलेला चढा आकडा गृहीत धरला जातो. जकात शून्यावर आली आणि मापात माल अडला, तर व्यापार मुक्त झाला असे कोणी म्हणावे?

मोठ्या कारखान्याला सल्लागार परवडतात. दहा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये मालकच हिशेबनीस आणि तोच पर्यवेक्षक. भट्टीला किती इंधन लागले आणि कोणत्या जॉबवर किती वीज खर्ची पडली, याची नोंद तेथे ठेवली जात नाही, कारण आजवर ती कोणी मागितलीच नव्हती. मसिआ आणि सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटना, वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांनी एकत्र येऊन या मोजणीची व पडताळणीची सोय शहरातच, लहान उद्योजकाला झेपेल अशा दरात केली पाहिजे. त्यासाठी लागणारी माणसेही येथेच आहेत. वाणिज्य शाखेचा पदवीधर आज नोकरीसाठी पुण्याची वाट धरतो. त्याला ऊर्जेचा जमाखर्च लिहिण्यास शिकवणे विद्यापीठाला अवघड नाही. राज्य शासनाने पहिल्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाचा निम्मा भार उचलावा, आणि शेंद्रा व वाळूज येथील किती उद्योगांचा माल थेट वा दुसऱ्यांमार्फत युरोपात जातो, याची गणना जिल्हा उद्योग केंद्राने करार अमलात येण्यापूर्वी हाती घ्यावी.