स्लाइड, नकाशा आणि वरून डोकावणारे साहेब

मंडळी, अमेरिकन लष्कराची ती कुप्रसिद्ध स्लाइड आठवतेय का? २००९च्या उन्हाळ्यात काबूलमध्ये जनरल मॅक्क्रिस्टलना दाखवलेली. शेवयांचं भांडं उपडं झाल्यासारखे बाणच बाण! २०१०मध्ये ती पेपरात आली आणि जगभर हशा पिकला. मला मात्र त्या स्लाइडची दयाच येते. अफगाणिस्तानचा गुंता होताच तेवढा. खरी भीती वाटावी ती चार सुबक बुलेट पॉइंट्सची, कारण ते वाचून साहेबांना वाटतं की सगळं कळलं. मॅकमास्टर यांनी २००५मध्ये इराकमधल्या तल अफरच्या मोहिमेत पॉवरपॉइंटवर बंदीच घातली होती, ती याच कारणासाठी.

आता दुसरं टोक बघा. 'कमांड पोस्ट ऑफ द फ्युचर' नावाचं सॉफ्टवेअर. डार्पाच्या प्रकल्पातून आलेलं, २००४मध्ये बगदादला फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनने वापरायला घेतलं. एकेका अधिकाऱ्यापुढे तीन स्क्रीन आणि कानाला हेडसेट. एकाने नकाशावर खूण केली की ती सगळ्यांच्या नकाशावर उमटते. दुसऱ्याच्या कामातला तुकडा ओढून आपल्याकडे आणला तर ती मेलेली कॉपी नसते, तिकडे बदल झाला की इकडेही होतो. (आपल्याकडे अजून 'फायनल_फायनल_२' नावाच्या फायली मेलवर फिरतात, असो.) मुख्य म्हणजे साहेबांना अर्धवट, चालू काम दिसतं, रंगरंगोटी केलेला निष्कर्ष नाही. शिवाय दर मीटिंगसाठी बगदादच्या सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून गाड्यांचा ताफा न्यायची गरज कमी झाली. माझ्या लेखी एवढ्यावरच त्याचे पैसे वसूल!

पण गोम पुढेच आहे. काय साधायचं ते वरच्याने सांगावं, कसं ते खालच्याने ठरवावं, हे अमेरिकन लष्कराचं लाडकं तत्त्व. आता जनरलच्या स्क्रीनवर गल्लीतली तुकडीसुद्धा दिसायला लागली, तर तो गप्प बसेल? तुमच्या टीमचा मॅनेजर बसतो का? आणि वरून कुणीतरी बघतंय म्हटल्यावर खालचा लेफ्टनंट धाडसी निर्णय घेईल की फोनची वाट बघेल? म्हणून माझं म्हणणं असं की, कुणी काय पाहावं आणि कुणी कुठे बोलू नये, हे सेनापतींनी स्वतः बसून ठरवावं. ते आमच्यासारख्या प्रोग्रामरच्या डिफॉल्ट सेटिंगवर सोडू नये. आम्ही सगळं सगळ्यांना उघडं ठेवतो, सोपं पडतं ना!

मार्च २०२५मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा अमेरिकेच्या मंत्र्यांनी सिग्नलच्या एका ग्रुपवर केली. विमानं कधी उडणार त्या वेळांसकट. त्या ग्रुपमध्ये 'द अटलांटिक'चे संपादक जेफ्री गोल्डबर्गही होते, चुकून जोडले गेलेले. सिग्नलचं एनक्रिप्शन कुणीही फोडलं नव्हतं.