भाकरी नाकारण्याचा अधिकार कुणाचा?

दर तीन वर्षांनी, उपासनावर्ष संपत आले असता, सामान्य काळाच्या तेहतिसाव्या रविवारी आपल्या चर्चमध्ये थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील सहा वचने वाचली जातात. ज्याला काम करण्याची इच्छाच नाही त्याने जेवणाचीही अपेक्षा धरू नये, अशा आशयाचे प्रसिद्ध वचन त्यांतलेच. गेली काही वर्षे या वाचनाला एक विलक्षण योग लाभला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली जाहीर केलेला आणि २०१७ पासून जगभर पाळला जाणारा जागतिक गरीब दिन नेमका याच रविवारी येतो. २०१९, २०२२ आणि २०२५ अशा तिन्ही वेळी गरिबांसाठी केलेली प्रार्थना आणि हे कठोर वचन एकाच मिस्सेत आपल्या कानांवर पडले. २०२८ साली ते पुन्हा पडेल.

या योगाने आपल्याला अंतर्मुख करावयास हवे होते. प्रत्यक्षात काय घडते? मिस्सा आटोपून बाहेर पडताना फाटकाशी हात पसरून उभ्या असलेल्या बाईकडे पाहून आपण म्हणतो, धडधाकट तर दिसते, कामधंदा का करीत नाही? धर्मग्रामाच्या मदतनिधीची चर्चा निघाली की हेच वचन पुढे केले जाते आणि यादीतले एखादे नाव गळते. हे आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि ऐकून गप्पही बसलो आहोत. म्हणूनच आज स्पष्टपणे लिहितो. हे वचन गरिबांवर उगारणे हा त्या पत्राच्या शिकवणुकीचा विपर्यास आहे. ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले ते निराळे होते, आणि त्यांचा शोध घेऊ लागलो तर कदाचित तो आपल्याच दाराशी येऊन थांबेल.

मुळात ही पत्रे कुणाला लिहिली गेली हे पाहिले पाहिजे. थेस्सलनीका हे मासेदोनियातील मोठे बंदर, रोमन प्रांताची राजधानी. पूर्व-पश्चिम जाणारा रोमनांचा एग्नातिया नावाचा राजमार्ग या नगरातून जात असे. पौल, सिल्वान आणि तीमथ्य तेथे आले, थोडे दिवस राहिले, आणि यासोनाच्या घरावर जमाव चालून गेल्यावर पौल व त्याचे सोबती यांना रातोरात नगर सोडावे लागले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितले आहे. मागे उरली ती कालपरवा श्रद्धा स्वीकारलेली, छळाला तोंड देणारी, गुरुविना पोरकी झालेली छोटीशी ख्रिस्तसभा. तिच्या काळजीने पौलाने इ. स. ५० किंवा ५१ च्या सुमारास करिंथ येथून पहिले पत्र धाडले. बहुतेक अभ्यासकांच्या मते नव्या करारातील हे सर्वांत जुने लिखाण होय. दुसरे पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या शिष्याने, याविषयी मतभेद आहेत. परंतु ख्रिस्तसभेने दोन्ही पत्रे देवाचे वचन म्हणून स्वीकारली आहेत, आणि एकीचा अर्थ दुसरीला सोडून लावणे न्यायाचे नाही.

त्या काळच्या प्रतिष्ठित समाजात हातांनी काम करणाऱ्याला काय किंमत होती? ॲरिस्टॉटलने आदर्श राज्यात कारागिराला नागरिकत्व देण्याचे नाकारले होते. पौलाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, सिसेरोने मजुरीवर जगणाऱ्यांचे धंदे हीन ठरवले आणि कारखान्यात कुलीन असे काही असूच शकत नाही असे बजावले. अशा जगात पौल हा विद्वान गृहस्थ तंबू बनविण्याचा धंदा करीत होता. कुणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, याची तो थेस्सलनीकाकरांना आठवण करून देतो. पोटापुरते मागण्याचा त्याला हक्क होता, आणि दुसरे पत्र तसे स्वच्छ सांगते. मात्र तो हक्क त्याने सोडून दिला, नवशिक्या श्रद्धावंतांपुढे उदाहरण असावे म्हणून. तेव्हा भाकरीविषयीचे ते वचन पोट भरलेल्याने उपाशी माणसाला सुनावलेले नाही. हाताला घट्टे पडलेल्या माणसाने आपला हक्क आधी सोडला आणि मग ते उच्चारले. आपल्यापैकी किती जणांना ते त्या अधिकाराने उच्चारता येईल?

आता ते कुणाला उद्देशून आहे ते पाहू. ग्रीक मूळात ‘अताक्तोस’ या शब्दाच्या कुळातील शब्द या संदर्भात येतात. सैन्यातील रांग मोडून भरकटणाऱ्या शिपायाला लावण्याचा हा शब्द. मराठी बायबलात त्यासाठी ‘अव्यवस्थित’ हा शब्द वापरला आहे. ही माणसे काम टाकून बसली, ती प्रभूचा दिवस आलाच आहे या समजुतीने, असे परंपरेने मानले जाते. काही आधुनिक अभ्यासकांना वाटते की ती धनिक आश्रयदात्यांच्या पंगतीला बसून त्यांची हांजी हांजी करणारी असावीत. कारण कोणतेही असो, दोन्ही अर्थांनी ती काम न मिळालेली माणसे नव्हेत. त्यांचे वर्णन करताना पत्रकर्ता शब्दावर कोटी करतो: ती कामात गुंतलेली नाहीत, इतरांच्या कामात मात्र लुडबूड करीत आहेत. उपाशी माणसाला लुडबूड करण्याइतकी फुरसत नसते.

पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौदावे वचन तर या प्रश्नाचा निकालच लावते. तेथे पौल चार प्रकारच्या वागणुकीचा उपदेश करतो. रांग मोडणाऱ्यांची कानउघाडणी करावी. खचलेल्यांना धीर द्यावा. दुर्बलांना आधार द्यावा. आणि सर्वांशीच सहनशीलतेने वागावे. कोणते औषध कोणत्या रोगावर, हे त्याने वेगळाले करून सांगितले आहे. आपण मात्र बाटल्यांची अदलाबदल केली आहे. दुर्बलाची कानउघाडणी करतो आणि रांग मोडणारा सधन असेल तर त्यालाच आधार देतो!

वचनातील एकच शब्द नीट वाचला तरी पुरे. पत्रकर्ता काम न करणाऱ्याविषयी बोलत नाही, काम करण्याची इच्छा नसणाऱ्याविषयी बोलतो. हा ‘इच्छा’ शब्द गाळला की वचन उलटे होते. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात हे सूत्र असेच, इच्छेचा उल्लेख गाळून आले होते. देव न मानणाऱ्यांनी वचनाचा अर्धा भाग उचलला यात नवल नाही. देव मानणाऱ्यांनीही तेच करावे हे दुःखद आहे. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस कलेपर्यंत बाजारात रिकामी उभी असलेली माणसे आहेत. का उभे राहिलात असे विचारल्यावर ती सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावले नाही. मळ्याचा धनी त्यांना आळशी म्हणत नाही. कामावर घेतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

अशी माणसे आपल्या डोळ्यांपुढेही उभी राहून गेली आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील हजारोंना पुन्हा कधीच काम मिळाले नाही. त्यांना कामाची इच्छा नव्हती काय? ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिल्या. काम करणाऱ्यांच्याच त्या भाकऱ्या होत्या. त्यांच्यापुढे हे वचन म्हणण्याचे धाडस कोण करील?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. दानाने काही माणसे ऐतखाऊ होतात, मदतनिधी तुटपुंजा असतो, खरा गरजू ओळखणे कठीण असते. हे सर्व खरे आहे. पण ही अडचण आजची नाही. ‘दिदाखे’ अथवा प्रेषितांची शिकवण नावाची एक अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ साली छापले गेले. प्रवासी ख्रिस्ती बांधव दारी आला तर त्याला दोन किंवा तीन दिवस ठेवून घ्यावे, असे तीत सांगितले आहे. तो तेथेच वस्ती करू पाहत असेल आणि कारागीर असेल, तर त्याने काम करून खावे. आणि त्याला कसबच नसेल तर? तर तो तुमच्यात रिकामा न राहता कसा जगेल याची तजवीज तुम्ही विचारपूर्वक करा. येथे जबाबदारी मागणाऱ्याच्या खांद्यावरून उचलून ख्रिस्तसभेच्या खांद्यावर ठेवली आहे. काम कर असे सांगणाऱ्याने काम मिळवून देण्यासाठी खटपट केली पाहिजे.

हा विचार आपल्या महाराष्ट्राला तरी परका वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात येथे रोजगार हमी योजनेची कामे सुरू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा संमत झाला. मागेल त्याच्या हाताला काम हे सरकारचे कर्तव्य ठरले. सरकारला जे उमगले ते धर्मग्रामाला का उमगू नये? मदतनिधीच्या बैठकीत नाव कमी करण्यापूर्वी, या माणसासाठी आपण कुठे शब्द टाकला, कोणते कसब शिकविले, त्याच्या मुलांची काय सोय केली, हे प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत. ते विचारले नसतील तर नकार देण्याचा अधिकार आपण अजून कमावलेला नाही.

मग आज ‘अव्यवस्थित’ कोण? वाडवडिलांनी घाम गाळून राखलेली जमीन विकून आलेल्या पैशाच्या व्याजावर बसून, शेतात राबणाऱ्या आदिवासी मजुराला आळशी म्हणणारे आपल्यात नाहीत काय? मुलाच्या हाताला माती लागली तर लाज वाटणारे, पण स्वतः दिवसभर इतरांच्या घरच्या भानगडी चघळणारे नाहीत काय? धंद्यात मजुरी थकवून चर्चच्या सणाला भरघोस देणगी देणारे नाहीत काय? पत्राची धार लागायची तर प्रथम येथे लागते. आम्ही लेखणी चालवणारेही तिच्यातून सुटत नाही. दुसऱ्याच्या श्रमाविषयी सुंदर लिहिणे म्हणजे श्रम नव्हे.

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. चर्चमधील ते वाचन बाराव्या वचनाशी थांबते. तेरावे वचन त्या रविवारी ऐकू येत नाही. घरी जाऊन बायबल उघडा आणि ते वाचा. चांगले करताना थकून जाऊ नका, असा उपदेश तेथे आहे. पुढे पंधराव्या वचनात, न ऐकणाऱ्या माणसालाही शत्रू समजू नये, भाऊ समजून समजावावे, असे सांगितले आहे. म्हणजे ज्याची कानउघाडणी करायची तोही भाऊच राहतो. मग ज्याने काहीच गुन्हा केलेला नाही, केवळ काम मिळाले नाही म्हणून जो आपल्या फाटकाशी उभा आहे, तो कोण ठरतो?

२०२८ च्या नोव्हेंबरात हे वाचन पुन्हा येईल तेव्हा आपण बाराव्या वचनाशी थांबू नये. मिस्सा संपल्यावर फाटकापाशी जावे, त्या बाईला तिचे नाव विचारावे, आणि तिच्यासाठी कुठे काम मिळते का हे पाहण्यास त्याच दुपारी निघावे. तोवर तिला भाकरी द्यावी.