पट्टा सुटला तर?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कधी लोणच्यावर बुरशी धरलेली असते, तर कधी रेशमी साडीवर तेलाचा डाग पडलेला असतो. या खेपेला सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे ते मात्र निराळं. त्यांची मुलगी कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. परवा सरावाच्या वेळी खुर्चीवरून उठताना खांद्यावरच्या पट्ट्याचं एक टोक निसटलं आणि गिटार खाली आली. मुलीनं ती गुडघ्यावर झेलली म्हणून वाचली. गुडघा काळानिळा झाला, तो वेगळाच. आता मुलगी म्हणते, "आई, पट्ट्याला लॉक बसवायला हवं." सासूबाई म्हणतात, "मुलीच्या जातीला एवढं ओझं गळ्यात अडकवायचं कशाला? विकून टाका ते." बाईंनी शिलाईच्या पैशांतून साठवून ती गिटार घेतलेली आहे. त्या विचारतात, हे लॉक म्हणजे गरज की चैन? आणि घ्यायचंच झालं तर कोणतं घ्यावं?

सांगायचं ते आधीच सांगते. ही चैन नाही. पण नुसतं महागडं लॉक आणून ठेवलं म्हणजे काळजी मिटली, असंही नाही.

आधी हे वाद्य समजून घेऊ. आपली तंबोरा, सतार ही वाद्यं मांडी घालून, जमिनीचा आधार घेऊन वाजवायची. पाश्चात्त्य संगीतातला जुना बेसही माणसाएवढा उंच असायचा आणि जमिनीवर टेकवूनच वाजवला जायचा. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली विजेवर चालणारी, गिटारसारखी अंगावर घेऊन वाजवायची बेस बाजारात आणली. वाद्य लहान झालं, नेणं-आणणं सोपं झालं, पण त्याचा भार जमिनीवरून वाजवणाऱ्याच्या खांद्यावर आला. साधारण बेस गिटार साडेतीन ते साडेचार किलो भरते. पाच लिटर तेलाचा भरलेला डबा उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल. हा सगळा भार पट्ट्याच्या दोन टोकांवर आणि गिटारच्या दोन बटणांवर असतो.

अंगावर वाद्य वागवणं आपल्याकडे नवीन नाही. आषाढीला तुमच्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, दिंड्या येतात तेव्हा गळ्यात मृदंग अडकवलेले वारकरी आपण पाहतोच. पण तिथे पट्टा वाद्याला बांधलेला असतो, आणि बांधलेली गाठ आपोआप सुटत नाही. गिटारचा पट्टा बांधलेला नसतो, नुसता अडकवलेला असतो. पट्ट्याच्या टोकाला चामड्याचा तुकडा, त्याला भोक आणि भोकाशेजारी एक चीर. ते भोक गिटारच्या बटणावर चढवायचं, की झालं. सदऱ्याच्या काजाबटणासारखाच हा प्रकार. आणि काज सैल झालं की काय होतं, हे बायकांना सांगायला नको.

आता गंमत पाहा. पट्टा ताणलेला असतो तोवर सहसा निसटत नाही. तो निसटतो सैल पडल्यावर. मुलगी खुर्चीत बसली की गिटारचा भार मांडीवर येतो, पट्टा ढिला पडतो आणि त्याचं टोक बटणावरून अर्धवट सरकतं. ती उठते, भार एकदम पट्ट्यावर येतो आणि अर्धवट अडकलेलं टोक सुटतं. पत्रातल्या मुलीचं नेमकं हेच झालं. तिच्या धांदरटपणाला बोल लावू नका. चामडं जुनं झालं की भोक पसरतं, आणि हे कधी ना कधी होतंच.

वरच्या शिंगाजवळचं टोक सुटलं तर गिटारची मान पुढे कलंडते आणि डोकं आधी जमिनीवर आदळतं. तारा पिळायच्या खुंट्या वाकतात, कधी मानेला चीर जाते. खालचं टोक सुटलं तर धड आपटतं आणि तारेची पिन जिथे खोचलेली असते ती जागा फुटते. मान दुरुस्त करायचा खर्च कोणत्याही लॉकपेक्षा कितीतरी जास्त.

आता उपायांकडे येऊ. स्वस्तापासून सुरुवात करते.

पहिला उपाय रबरी वायसरचा. पट्टा बटणावर चढवल्यावर वरून एक जाड, मऊ रबरी वायसर बटणाच्या डोक्यावरून ताणून बसवायचा. परदेशातली पोरं बिअरच्या बाटलीच्या बुचाचं रबर यासाठी वापरतात. आपल्याला तेवढ्या लांब जायला नको. नळाचं सामान विकणाऱ्या दुकानात तऱ्हेतऱ्हेचे वायसर मिळतात. भोक बटणाच्या डोक्यापेक्षा लहान हवं आणि रबर ताणलं जाणारं हवं. कडक फायबरचा वायसर उपयोगाचा नाही. वायसर चहाच्या पैशांत येतो, गिटारला कुठे स्क्रू मारावा लागत नाही. घरच्या सरावाला हा उपाय पुरेसा आहे. रबर मात्र वाळतं, तडकतं. बोटानं वाकवून त्यावर बारीक भेगा दिसल्या की बदलून टाकावं.

दुसरा, बटणावर चढवून फिरवायची प्लास्टिकची चकती. हीसुद्धा जुन्या बटणावरच बसते. घाईच्या वेळी बरी. मात्र तुमच्या गिटारच्या बटणावर ती घट्ट बसते की लडबडते हे दुकानातच पाहून घ्यावं. काही पट्ट्यांच्या टोकालाच अशी कळ बसवून मिळते. त्यांनाही हाच नियम.

तिसरा प्रकार म्हणजे खरं लॉक, धातूचं, दोन भागांचं. गिटारचं जुनं बटण काढून तिथे लॉकचं बटण बसवायचं आणि जोडीचा दुसरा भाग पट्ट्याच्या भोकात घट्ट करायचा. एका जोडात दोन्ही टोकांचं सामान येतं. यांत दोन नावं जास्त ऐकू येतात, जर्मनीचं शालर आणि अमेरिकेचं डनलॉप. दोन्ही चांगली, पण त्यांची रीत वेगळी आहे.

डनलॉपमध्ये बटण पोकळ असतं. पट्ट्याकडची खिट्टी त्यात घातली की तिच्यातल्या बारीक गोळ्या आत अडकतात आणि टक्क आवाज येतो. काढताना मधली कळ दाबायची. पट्टा चटकन काढता-घालता येतो, हा त्याचा गुण. पण खिट्टी अर्धवट गेली तर ती काहीच धरत नाही. म्हणून टक्क ऐकायचं आणि दर वेळी हातानं एक हिसका देऊन पाहायचं.

शालरचा पट्ट्याकडचा भाग घोड्याच्या नालेसारखा. तो बटणाला कवेत घेतो आणि स्प्रिंगची खिट्टी मधोमध बसते. नालेची उघडी बाजू खांद्याकडे आणि बंद बाजू खाली ठेवली, की बटणाचा भार पेल्यात बसल्यासारखा त्यात बसतो. समजा खिट्टी नीट बसली नाही, तरी गिटार अंगावर लटकलेली असेपर्यंत नाल तिला सोडत नाही. नवशिक्या हातासाठी मला ही गोष्ट मोलाची वाटते. एक भाग चुकला तरी दुसऱ्यानं सांभाळावं, अशीच वस्तू घरात असावी. जुन्या पद्धतीच्या शालरमध्ये पट्ट्यावरचा नट हळूहळू सैल होतो. त्यावर तुमच्याच कपाटात उपाय आहे. नट पान्यानं घट्ट करून आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा. वाळला की नट हलत नाही, आणि पुढे काढायचा झाला तर निघतोही.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पट्टा सोबत न्यावा, कारण जाड, गादी भरलेल्या चामड्यात काही लॉकचा दांडा पुरत नाही. एका कंपनीचा वरचा भाग दुसऱ्या कंपनीच्या बटणावर बसेलच असं नाही, म्हणून पूर्ण जोड एकाच कंपनीचा घ्यावा. आणि लॉकच्या बटणावर वेळप्रसंगी साधा पट्टाही चढतो का ते विचारावं. कार्यक्रमाच्या दिवशी पट्टा घरी राहिला तर मैत्रिणीचा उपयोगी पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॉक कितीही मजबूत असलं तरी ते एका स्क्रूवर आणि तो स्क्रू लाकडावर अवलंबून असतो. दाराला मोठं कुलूप लावलं आणि कडीच हलत असली, तर त्या कुलपाचा काय उपयोग? म्हणून आधी जुनं बटण बोटांनी हलवून पाहावं. डुगडुगत असेल तर आधी भोक भरायचं, मग लॉकचं पाहायचं.

भोक भरायची रीत सोपी आहे. दोन-तीन आगकाड्यांची गुलं काढून टाकावीत. काड्यांना फेव्हिकॉल लावून त्या भोकात गच्च बसवाव्यात, बाहेर आलेला भाग कापून टाकावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावं. मग मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू पिळावा. आट्यांना साबण किंवा मेणबत्तीचं मेण चोळलं की तो लाकूड न फाडता आत जातो. नव्या लॉकचा स्क्रू जुन्याशेजारी धरून पाहावा. नवा बारीक असला तर आगकाड्यांचा उपाय आहेच. जाड असला तर मात्र दांडगाईनं पिळू नये, लाकूड चिरतं. भोक थोडं मोठं करून द्यायला सुताराकडे किंवा वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जावं. बटण आणि गिटार यांच्यामध्ये नमद्याची छोटी चकती घातली की रंगही खरचटत नाही.

लॉक बसवल्यावर परीक्षा घ्यायची ती पलंगावर. गादीवर आपली सोलापुरी चादर चौपदरी घालावी, त्यावर गिटार वीतभर उंच धरावी आणि पट्ट्याला धरून दहा-बारा वेळा हलवावी, हिसके द्यावेत. काही सैल वाटलं तर तिथेच कळेल, आणि पडलीच तर चादरीवर पडेल. मग बसून उठून पाहावं, कारण खरी परीक्षा उठतानाच असते. पुढे तारा बदलायच्या दिवशी दोन्ही स्क्रू आणि नट तपासायचे, एवढी सवय मुलीला लावावी. आणखी एक युक्ती. विजेची वायर गिटारला जोडण्यापूर्वी खालच्या टोकाशी पट्ट्यामागून ओवून घ्यावी. रंगमंचावर कुणाचा पाय वायरवर पडला तरी ओढ पट्ट्यावर येते, पिन उपटली जात नाही.

आता सासूबाईंच्या ओझ्याविषयी. त्यांची काळजी अगदीच खोटी नाही. चार किलो भार दोन तास एकाच खांद्यावर, तोही अरुंद पट्ट्यावर घेतला, तर मान आणि पाठ धरणारच. पण तो उपाय पट्ट्यात आहे, गिटार विकण्यात नाही. पट्टा निदान तीन इंच रुंद घ्यावा. जाड सुती नवारीसारखा किंवा आतून खरखरीत चामड्याचा असावा. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो. बेसची मान लांब आणि चार खुंट्या जड, त्यामुळे पट्टा घसरला की मान खाली झुकते आणि मुलगी डाव्या हातानं ती सावरत बसते. खरखरीत पट्ट्यानं तो हात वाजवायला मोकळा राहतो. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर गिटार एकाच उंचीवर येईल. म्हणजे मनगट वाकत नाही आणि बसल्यावर पट्टा फार सैलही पडत नाही. पाऊण तासानं पाच मिनिटं गिटार उतरवून ठेवावी.

आणि "मुलीच्या जातीला" म्हणाल, तर मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे यांनी लहान वयापासून बेस वाजवली आणि पुढे झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्यासारख्यांबरोबर वाजवली. डोक्यावर पाण्याची घागर आणि काखेत पोर घेऊन चालणाऱ्या बायकांच्या देशात चार किलोंचं कौतुक कुणी कुणाला सांगावं?

तेव्हा भगिनी, हिशेब असा. आज संध्याकाळीच दोन रबरी वायसर आणून लावा, म्हणजे सराव थांबायला नको. पट्ट्याची भोकं पसरली असतील तर पट्टा बदला. बटणाचे स्क्रू तपासा. मुलगी रंगमंचावर उभी राहून वाजवणार असेल तर कार्यक्रमापूर्वी धातूचं लॉक घ्या, आणि ते निदान आठवडाभर आधी, सवय व्हायला. एक मात्र करा. हे काम भावाला किंवा वडिलांना सांगू नका. स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसून आगकाड्या सोला. स्वतः बसवलेल्या स्क्रूवर माणसाचा जो भरवसा बसतो, तो दुसऱ्यानं बसवलेल्यावर बसत नाही.