सावधगिरीचा बोजा गिऱ्हाइकावरच का?

‘गिऱ्हाइकाने सावध राहावे’ हा बाजारपेठेचा फार जुना उपदेश आहे. जुना मोबाईल घेताना एखादा कामगार फसला, की हाच उपदेश त्याच्या तोंडावर फेकला जातो. पावती का घेतली नाही? क्रमांक का तपासला नाही? जणू काही फसवणूक हा फसवणाऱ्याचा गुन्हा नसून फसलेल्याचे अज्ञान आहे!

वास्तविक पाहता मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि ही अवस्था बऱ्याच अंशी शासनानेच आणली आहे. २०२१ च्या खरिपापासून शेतकऱ्याने पिकाची नोंद ॲपवर करावी असा दंडक झाला. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरीही मोबाईलवरील छायाचित्राने होऊ लागली. यंत्राची सक्ती सार्वजनिक, खर्च मात्र खाजगी! त्यातही एप्रिल २०२० मध्ये मोबाईलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. वाळूजचा कंत्राटी कामगार पैठण गेटला जुना हँडसेट शोधतो, तो हौसेने नव्हे.

या बाजाराचे अर्थशास्त्र नवे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की वस्तूतील दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. २००१ मध्ये या विचाराला नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. त्याचा बोध उघड आहे : जिथे माहितीच विषम आहे, तिथे ‘मुक्त’ व्यवहार न्याय्य होत नाही, हमी देणारी संस्था उभी करावी लागते.

कायदा तर गरिबाला दुहेरी शिक्षा देतो. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार जो स्वतः मालक नाही, तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणजे मोबाईल चोरीचा निघाला तर वस्तू गेली, पैसे गेले, आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणे तेवढे नशिबी आले. चोरीस गेलेले हँडसेट देशभरच्या जाळ्यांवर बंद पाडणारी केंद्रीय नोंदवही आज अस्तित्वात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच तिचा प्रायोगिक आरंभ झाला आणि मे २०२३ मध्ये ती देशभर लागू झाली. व्यवस्था चांगली आहे; परंतु तिचा फटका चोराला बसण्याआधी अजाण खरेदीदाराला बसतो.

सबब कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले काम शिक्षणाचे. पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक काढावा व तो पेटीवरील आणि मूळ बिलावरील क्रमांकाशी जुळवावा. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा; क्रमांक काळ्या यादीत असल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. जुन्या मालकाचे खाते आपल्यासमोर काढून टाकायला लावावे, स्वतःचे सिम घालून बोलून पाहावे, क्रमांक लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. हे काम एकट्यादुकट्यावर न टाकता युनियनच्या कार्यालयात रविवारी तासभर का होऊ नये?

दुसरे काम लढ्याचे. जुन्या हँडसेटचा व्यापार करणाऱ्याने व्यवहारापूर्वी क्रमांक काळ्या यादीशी पडताळावा, असा नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला आहे. तो राजपत्रातून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आला पाहिजे. पडताळणी विनाशुल्क हवी, नाहीतर तिचा भुर्दंड पुन्हा गिऱ्हाइकावरच पडेल. फळीवर बसून यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आपला शत्रू नाही. त्याला छळण्याचे निमित्त म्हणून हा नियम वापरला जाऊ नये. आणि लेखी हमीवाचून विक्री नको, ही मागणी नेटाने मांडावी.

सावध राहणे हे गिऱ्हाइकाचे शहाणपण आहे, यात वाद नाही. पण त्याला एकट्यालाच सावध राहावे लागणे, ही व्यवस्थेची लबाडी आहे. शहाणपण शिकवू या. लबाडी मात्र खपवून घेऊ नये.